वाण राखणारी टाकी

आमच्या काळाचौकीच्या इमारतीत पाणी पहाटे येतं. मोरीतलं पिंप भरायचं, हंडा-कळशी भरायची, मग चहा ठेवायचा. या क्रमात माझं एक काम जास्तीचं आहे. टाकीचा दिवा लावण्याआधी बॅटरीच्या उजेडात मी मासे मोजून घेतो. मागे एकदा मोजणी बरोबर भरली, पण एक पिवळी मादी खायला पुढे येईना. बाकीचे मासे दाण्यांवर तुटून पडत होते, ही मात्र दगडाच्या कपारीत एकटी उभी. काचेला नाक लावून पाहिलं तर तिच्या हनुवटीखाली फुगवटा होता. थोड्या थोड्या वेळाने ती जबडा हलकेच हलवायची आणि ओठांच्या फटीतून पिवळसर मणी सरकताना दिसायचे. तिच्या तोंडात अंडी होती. पुढचे तीन आठवडे तिने अन्नाचा कण घेतला नाही.

हा मासा आफ्रिकन सिक्लिड. मुंबईत या माशांचे शौकीन भरपूर आहेत. कुर्ल्याच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटात प्लास्टिकच्या पिशव्यांत निळे, पिवळे, केशरी मासे दिसतात, ते बहुतेक हेच. रंग पाहून माणूस दोन-चार जोड्या घरी आणतो आणि महिन्याभरात टाकीत मारामाऱ्या सुरू होतात. मग दोष माशाला दिला जातो. खरं तर हा मासा चिवट आहे आणि मुंबईच्या हवेत आनंदाने राहतो. त्याला काय हवं ते समजून घेतलं तर लहानशा खोलीतही त्याची पिल्लं होतात. पिल्लं झाल्यावर मात्र पाळणाऱ्याची खरी जबाबदारी सुरू होते आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

ओळखीचंच घराणं

सिक्लिड हे नाव परकं वाटलं तरी हे घराणं आपल्या ताटात आधीपासून आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर हा भारतातला अस्सल सिक्लिड. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. उजनीच्या परिसरात ताटात येणारी चिलापी म्हणजे तिलापिया, आणि ती थेट आफ्रिकेची. मोझांबिक तिलापिया १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणला गेला आणि बघता बघता देशभरच्या तळ्या-धरणांत पसरला. त्या पसरण्याचं एक कारण माझ्या पिवळ्या मादीच्या हनुवटीखाली होतं. तिलापियाची मादीही अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची पुष्कळ पिल्लं जगतात.

शौकिनांचे आफ्रिकन सिक्लिड मुख्यतः पूर्व आफ्रिकेतल्या तीन प्रचंड सरोवरांतून आले आहेत: मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. मलावीची लांबी साडेपाचशे किलोमीटरहून अधिक आहे, म्हणजे मुंबईहून रस्त्याने गोवा गाठावा जवळपास तेवढी. खोली सुमारे ७०० मीटर. टांगानिका तर सुमारे १,४७० मीटर खोल आहे आणि त्याचं वय काही दशलक्ष वर्षांत मोजतात. एकट्या मलावीत सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. याच माशांसाठी मलावी सरोवराच्या दक्षिणेकडील राष्ट्रीय उद्यानाला युनेस्कोने १९८४ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

एका सरोवरात इतक्या जाती कशा झाल्या? मलावीच्या काठाशी खडकाळ पट्टे आहेत आणि दोन पट्ट्यांमध्ये वाळूचं मैदान. खडकांत राहणारा मासा उघड्या वाळूवरून पलीकडे जायला धजत नाही, कारण तिथे त्याला खाणारे टपलेले असतात. त्यामुळे प्रत्येक खडकाळ पट्टा हे एक वेगळं गाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या गावात वाढल्याने रंग बदलले, दात बदलले, सवयी बदलल्या. माझी पिवळी मादी ज्या जातीची आहे तिला शौकीन ‘यलो लॅब’ म्हणतात. ही जात लायन्स कोव्ह भागात पिवळीधमक आहे आणि त्याच किनाऱ्यावरच्या न्खाटा बे भागात पांढरी. जात एकच, वाण दोन. खडकांत राहणाऱ्या या माशांना तिथले मच्छीमार ‘एम्बुना’ म्हणतात आणि तेच नाव जगभर रुळलं आहे.

खोलीला पेलेल एवढीच टाकी

गिरगाव, परळ, लालबाग, काळाचौकी या पट्ट्यातल्या जुन्या चाळींत टाकी घेताना पहिला प्रश्न वजनाचा असतो. एम्बुना हद्द धरून राहणारा मासा आहे. त्याला चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी द्यावी. ती नऊ घनफुटांची होते आणि तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. काच, दगड आणि स्टँड धरलं तर वजन सव्वातीनशे किलोच्या पुढे जातं. पाच मोठी माणसं एकाच कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभी आहेत असं समजा. लाकडी तुळयांवरच्या जमिनीवर हा भार ठेवायचा तर टाकी भिंतीला लागून आणि तुळयांना आडवी ठेवावी, म्हणजे वजन एकीवर न येता तीन-चार तुळयांवर विभागलं जातं. तरीही शंका असेल तर जाणकाराला दाखवावं किंवा तीन फुटी टाकीवर समाधान मानावं. तीन फुटांत एकाच जातीचं एक कुटुंब, म्हणजे एक नर आणि चार-पाच माद्या, नीट राहतं. शेजाऱ्याच्या छपराला धोका देऊन पाळलेला मासा सुख देत नाही.

टाकीत शोभेच्या झाडांपेक्षा दगड हवेत, तेही भरपूर. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड यासाठी उत्तम आहे. तो पाण्यात विरघळत नाही आणि काहीही सोडत नाही. आधी थर्मोकोलच्या पट्टीवर मोठे दगड बसवायचे आणि मग वाळू टाकायची. उलट केलं तर मासे दगडाखालची वाळू उकरतात आणि ढीग काचेवर कोसळतो. कपारी इतक्या असाव्यात की हरलेल्या माशाला जिंकलेल्याच्या नजरेआड जाता यावं. फुटक्या माठाचे तुकडे आणि मातीच्या कुंड्याही चालतात. समुद्रातून आणलेलं पोवळं मात्र टाकीत घालू नये. प्रवाळाला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि ते गोळा करणं किंवा विकणं गुन्हा आहे. पाण्याला कॅल्शियम देण्याचं काम कालव-शिंपल्यांचा चुराही करतो.

पिंपातलं शिळं पाणी

मुंबईला पाणी तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून येतं. ते सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून वाहत आलेलं असतं, म्हणून मऊ असतं. मलावीच्या पाण्यात क्षार अधिक आहेत आणि त्याचा पीएच साधारण ७.८ ते ८.६ असतो. मऊ पाण्यात हे मासे लगेच मरत नाहीत, पण रंग उतरतो आणि पीएच खाली-वर झाला की ते आजारी पडतात. उपाय स्वयंपाकघरात आहे: खाण्याचा सोडा. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा घातला की त्याची क्षारधारकता, ज्याला शौकीन ‘केएच’ म्हणतात, साधारण एका अंशाने वाढते. आपल्याला सहा-सात अंश हवेत. नळाच्या पाण्यात मुळात किती आहे ते तपासणीच्या किटवर आधी पाहावं, मगच सोडा मोजावा, आणि बदल एका दिवसात न करता आठवडाभरात करावा. धुण्याचा सोडा चुकूनही वापरू नये.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते माशांचे कल्ले जाळतं. इथे आपली पहाटेची सवय कामी येते. पिंपात एक दिवस उघडं ठेवलेलं शिळं पाणी घेतलं, त्यात एअर पंपाची नळी सोडली, की क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन घालावं. पावसाळ्यात मात्र ते नेहमीच घालावं, कारण पाणी गढूळ झालं की शुद्धीकरणासाठी क्लोरीन वाढवावं लागतं.

टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आफ्रिकन टाकीत हा धीर अधिकच महत्त्वाचा आहे, कारण अमोनियाचा विषारी भाग पीएचनुसार वाढतो. पाणी २५ अंशांवर असताना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच भाग सुमारे पाच टक्के होतो. म्हणजे दहापट. ओळखीच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज पिळून त्याचं पाणी नव्या फिल्टरला दिलं की वस्ती लवकर जमते. विरजणासाठी शेजारून दही आणतो तसंच.

पुढे दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदलायचं. चार फुटी टाकीसाठी पंधरा लिटरच्या पाच बालद्या होतात. काढलेलं पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरता येतं. ज्या इमारतीत पाणी वेळेवर येतं आणि वेळेवर जातं, तिथे हा हिशेब आधी करावा आणि मग टाकीची लांबी ठरवावी.

विजेचाही विचार हवा. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई महानगराची वीज एकाएकी गेली, लोकल गाड्या जागीच थांबल्या. अशा वेळी गच्च भरलेल्या टाकीतला प्राणवायू झपाट्याने संपतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा आणि त्यात सेल भरलेले असावेत. उलट, आपल्या हवेत हीटरची गरज बहुतेक वर्षभर पडत नाही. या माशांना २४ ते २८ अंश मानवतात. चिंता मे महिन्याची असते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून तेव्हा हवा वाढवावी आणि खाणं कमी करावं.

शिवडीचे रोहित आणि टाकीतले मासे

काळाचौकीहून जवळच, शिवडीच्या खाजणात, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांतले लहान रोहित पूर्व आफ्रिकेच्या खाऱ्या सरोवरांतही लाखोंनी राहतात. तिथे त्यांचं मुख्य अन्न स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म नील-हरित शेवाळ आहे. सिक्लिडच्या दाण्याच्या डब्यावर हेच नाव ठळक लिहिलेलं असतं. बहुतेक एम्बुना खडकावरच्या शेवाळाचा थर खरवडून खातात, त्यात शेवाळाबरोबर बारीक जीवही पोटात जातात. अशा अन्नासाठी त्यांचं आतडं लांब असतं. त्यांना रोज मांस, रक्तकिडे किंवा चरबीचं खाणं दिलं तर पोट फुगतं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी होते, मासा खाणं सोडतो आणि काही दिवसांत जातो. शौकीन याला ‘ब्लोट’ म्हणतात. स्पिरुलिनाचे दाणे, उकडलेला वाटाणा सोलून, पालकाचं वाफवलेलं पान, आणि तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. प्रेम म्हणून जास्त खायला घालणं हेच या माशांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण असल्याचं मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

मलावीचे मासे मलावीच्याच माशांबरोबर ठेवावेत. टांगानिकातल्या शंखात राहणाऱ्या, बोटाएवढ्या माशांना एम्बुनाच्या दंगामस्तीत ठेवणं म्हणजे त्यांना उपाशी मारणं. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, म्हणजे नराचा पाठलाग एकाच मादीच्या वाट्याला येत नाही. टाकीत नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी पुसल्या की सगळे मासे पुन्हा शून्यातून सुरुवात करतात आणि नवख्याला जागा मिळते.

तोंडातलं बाळंतपण

विणीची वेळ आली की नर एखाद्या सपाट दगडाभोवतीची वाळू साफ करतो, रंग गडद करतो आणि मादीसमोर अंग थरथरवतो. मादी आली तर दोघं एकमेकांभोवती गोल फिरू लागतात. मादी एक-दोन अंडी घालते आणि वळून लगेच तोंडात घेते. आता नराच्या गुदपराकडे पाहा. शेपटीच्या थोडं पुढे, पोटाखाली असलेल्या त्या परावर पिवळे गोल ठिपके असतात, अंड्याच्या रंगाचे. अंडी उचलणारी मादी त्या ठिपक्यांनाही टोचते आणि त्या क्षणी नराचं वीर्य तिच्या तोंडात जातं. अंड्यांचं फलन तोंडातच पूर्ण होतं. हे ठिपके अंड्यांसारखे दिसून मादीला ओढून घेतात, हा विचार वुल्फगँग विकलर या जर्मन संशोधकाने १९६२ मध्ये मांडला. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट स्वतःच्या खोलीत, पहाटेच्या उजेडात घडताना पाहिली तेव्हा गॅसवरचा चहा उतू गेला तरी मी जागचा हललो नाही.

यलो लॅबची मादी साधारण दहा ते तीस अंडी धरते. तोंडात ती अंडी सतत फिरवते, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी लागतं आणि बुरशी धरत नाही. सुमारे तीन आठवड्यांनी पूर्ण घडलेली, सेंटीमीटरभर लांबीची पिल्लं बाहेर पडतात. मोठ्या टाकीत ती त्याच दिवशी इतरांच्या पोटात जातील, म्हणून पंधराव्या-अठराव्या दिवशी मादीला वेगळ्या दोन फुटी टाकीत हलवावं. हे काम रात्री दिवे बंद करून, मोठ्या मऊ जाळीने, घाई न करता करावं. घाबरलेली मादी अंडी थुंकते किंवा गिळते. पहिलटकरीण तर बरेचदा दोन-तीन दिवसांत सगळी गिळून टाकते. नाराज होऊ नये, पुढच्या वेळी ती शिकते.

पिल्लांना पहिल्या दिवसापासून खाणं लागतं. मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी दीड दिवसात फुटतात आणि ती सूक्ष्म कोळंबी पिल्लांना फार मानवते. मोठ्यांचे दाणे खलबत्त्यात कुटून केलेली पूडही चालते. दिवसातून तीन-चार वेळा थोडंथोडं द्यावं आणि पाणी वारंवार बदलावं. आईला मात्र लगेच मोठ्या टाकीत परत टाकू नये. तीन आठवड्यांच्या उपासाने तिचं पोट खपाटीला गेलेलं असतं. आठ-दहा दिवस तिला एकटीला भरपेट खायला द्यावं आणि मगच परत सोडावं.

वाण राखायचं म्हणजे काय

एवढं जमलं की वर्षाला दीड-दोनशे पिल्लं सहज होतात. इथेच बहुतेकांची चूक होते. एका टाकीत यलो लॅब आणि रेड झेब्रा एकत्र असतील तर दोन्ही जाती एकमेकांत मिसळतात. सरोवरात त्यांना निवड असते, टाकीत नसते. होणारी पिल्लं धडधाकट असतात, रंग मळकट पिवळा किंवा केशरी, आणि दुकानात ती ‘यलो लॅब’ म्हणूनच विकली जातात. पुढच्या माणसाला पत्ताच नसतो. पिकॉक म्हणजे औलोनोकारा या गटात तर माद्या सगळ्या सारख्याच करड्या दिसतात. दोन जातींच्या माद्या एकदा मिसळल्या की तज्ज्ञालाही वेगळ्या करता येत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचं वाण एकदा मिसळलं की ते परत मिळत नाही, तसंच हे.

व्हिक्टोरिया सरोवराची कथा इथे आठवावी. १९५० च्या दशकात तिथे नाईल पर्च नावाचा मोठा भक्षक मासा सोडला गेला. पुढच्या काही दशकांत त्या सरोवरातल्या सिक्लिडच्या बहुधा दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्या. त्यांतल्या थोड्या जाती आज केवळ मत्स्यालयांत आणि शौकिनांच्या टाक्यांत शिल्लक आहेत. म्हणजे काचेच्या पेटीत वाण राखणारा माणूस कधी कधी शेवटचा राखणदार असतो. चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून मुंबईच्या अनेक पिढ्यांना काचेपलीकडचे मासे दाखवले. मीही वडिलांचं बोट धरून तिथेच काचेला पहिल्यांदा नाक लावलं होतं. मासे बघायला त्या मत्स्यालयाने शिकवलं, ते राखण्याचं काम मात्र घराघरांतल्या टाक्यांना करायचं आहे.

म्हणून सुरुवात करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एका टाकीत एकमेकांत मिसळणाऱ्या दोन जाती ठेवू नका. पिल्लं देताना किंवा विकताना जातीचं नाव कागदावर लिहून द्या आणि मिश्र असतील तर तसं स्पष्ट सांगा. सांभाळायला जागा नसेल तर पिल्लं काढू नका. आणि कितीही मासे झाले तरी एकही मासा नाल्यात, तळ्यात किंवा धरणात सोडू नका. एका माशाने आपल्या पाण्यात काय होऊ शकतं, ते चिलापीने आपल्याला दाखवलं आहे.